वेणू आणि निंगव्वाचं जमणार कसं?

प्रश्न : ताई, मी खानापूरची. 1924 च्या बेळगाव काँग्रेस अधिवेशनाच्या काळातली कादंबरी लिहिते आहे. वेणू रामदेव गल्लीतल्या ब्राह्मण कारकुनाची मुलगी, तिला डॉक्टर व्हायचंय. निंगव्वा शहापूरच्या विणकराची, तिला बापाच्या मागावरची लुगडी स्वतः दुकान घालून विकायची आहेत. दोघी अधिवेशनात स्वयंसेविका म्हणून भेटतात आणि जिवलग मैत्रिणी होतात. नणंदेला वाचून दाखवलं, तर म्हणाली, "दोघी फारच गुणी आहेत, खरं वाटत नाही." कुठं बिघडलं?

उत्तर : नणंदबाईंना माझा नमस्कार सांगा, त्यांनी नेमकं दुखणं पकडलंय. तुम्ही पाठवलेली प्रकरणं वाचली. तुमच्या दोघी पहिल्याच दिवशी मनातलं सगळं सांगून मोकळ्या होतात आणि पुढं नुसतं एकमेकींचं कौतुक करतात. काहीतरी मिळवायला निघालेल्या पोरी अशा नसतात हो. त्या आधी एकमेकींना जोखतात. हिला माझ्यापेक्षा काय जास्त मिळालंय, ते त्यांना बरोबर दिसतं.

वेणू 'इथल्या कॉलेजात' जायचं म्हणते. 1924 साली बेळगावात कॉलेज कुठलं? लिंगराज 1933 चं, राणी पार्वतीदेवी 1945 चं. म्हणजे तिला पुणं, कोल्हापूर नाहीतर धारवाड गाठणं भाग. तिला हवं ते मिळायचं तर गाव सुटणार. निंगव्वाला मात्र शहापुरातच पाय रोवायचेत. एकीचं साधलं की दुसरी एकटी पडते. इतका मोठा पेच आयता हातात असताना तो मिशीवाला फौजदार कशाला आणलात?

शहापूर तर तेव्हा सांगली संस्थानात, 1948 पर्यंत. वेणूच्या गल्लीत इंग्रजांचं राज्य आणि चालत जाण्याच्या अंतरावर पटवर्धनांचं. तुमच्या कादंबरीत याचा पत्ताच नाही.

तिसऱ्या प्रकरणातल्या पंगतीला तर मी अडखळलेच. दोघी शेजारी बसून जेवतात आणि कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही! याच अधिवेशनात गंगूबाई हनगल स्वागतगीत गायल्या, वय 11. जेवणं झाल्यावर जातीमुळं आपल्याला उष्ट्या पत्रावळी उचलायला सांगतील की काय, याची धास्ती वाटत होती, असं पुढं त्यांनीच सांगितलंय. खुद्द गांधीजी अध्यक्ष होते तिथली ही गोष्ट. तुम्ही भाषणं लिहू नका. वाढणाऱ्या बाईचा हात निंगव्वाच्या पानाशी येताना जरा वर राहतो आणि भाकरी वरून पडते, एवढंच दाखवा. निंगव्वाला ते कळतं. वेणूला कळत नाही, कारण तिला कुणी कधी वरून वाढलेलं नाही. दोघींचं पहिलं भांडण इथं होऊ दे. मैत्री त्यानंतर.

निंगव्वाच्या तोंडी सदाशिव पेठ घालू नका. घरात कन्नड, बाजारात मराठी बोलणारी ही पोर 'तू काय करीत आहेस?' म्हणेल होय? 'काय करूलीस गे?' म्हणेल. तुम्ही खानापूरच्या, तुम्हाला मी काय शिकवावं!

आता पत्रं. वेणू पुण्याहून पैशाचं कार्ड टाकते, असं लिहिलंय. 1922 पासून कार्ड अर्ध्या आण्याचं, म्हणजे दोन पैशांचं, झालं होतं, तेवढं दुरुस्त करा. पण मला त्या कार्डाचा लोभ वेगळ्याच कारणासाठी सुटला. निंगव्वाला मराठी वाचता येत नाही, हे तुम्हीच सांगितलंय. मग तिला कार्ड वाचून कोण दाखवतं? समजा, भाऊ. वेणूनं लिहिलंय, 'इथल्या व्यापाऱ्याला तुझी लुगडी दाखवली, चार नग मागतोय.' बहीण दुकान घालणार हे भावाला खपत नाही, म्हणून तेवढी ओळ तो गाळतो. पुण्यात वेणू उत्तराची वाट बघते आणि चिडते. शहापुरात निंगव्वाला वाटतं, ही शिकायला गेली आणि मला विसरली. कार्ड कोनाड्यात पडून आहे. ते तिला दुसरं कुणीतरी वाचून दाखवेपर्यंत किती महिने जाऊ द्यायचे, ते तुम्ही ठरवा. मी वर्षभर तरी जाऊ दिलं असतं.

त्या फौजदाराला तेवढा कादंबरीतून निरोप द्या. पुढची प्रकरणं टाइप करून पाठवा, तुमचं अक्षर मला लागत नाही.