ऑगस्ट सरला की घरात करमत नाही

‘सगळे सांगतात, छोट्या छोट्या गोष्टींत आनंद शोधा. मी शोधते. मेणबत्ती लावते, आलं घालून चहा करते, खिडकीशी बसते आणि पाच मिनिटांत उठते. मला काही वाटतच नाही. माझ्यात काही बिघडलंय का?’

हा प्रश्न चाळिशीतल्या एका मराठी बाईंचा. इंग्लंडमध्ये लीड्सला राहतात, काम घरून, नवऱ्याची नोकरी पाळ्यांची, मुलगा प्राथमिक शाळेत. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सप्टेंबरच्या मध्याला त्या माझ्याकडे समुपदेशनाच्या ऑनलाइन सत्राला आल्या. उन्हाळाभर बरं चालतं, ऑगस्ट सरला की संध्याकाळ खायला उठते, हे त्यांचं मुख्य दुखणं. परदेशातल्या मराठी घरांतून, विशेषतः घरून काम करणाऱ्यांकडून, ही तक्रार बरीच ऐकू येते. म्हणून त्यांच्यासोबत काय केलं ते सविस्तर लिहिते.

सुरुवातीला आनंदाचा विषय बाजूला ठेवला आणि झोप, भूक आणि जगण्याबद्दलचे विचार यांची चौकशी केली. हे आधी करावंच लागतं. ऋतूबरोबर येणारं नैराश्य हा खरा आजार आहे. नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये त्याचं रीतसर वर्णन केलं. दर वर्षी त्याच सुमारास झोप वाढते, सकाळी अंथरूण सोडवत नाही, गोड आणि पिठूळ खावंसं वाटतं, माणसं नकोशी होतात आणि वसंत आला की आपोआप बरं वाटतं. असं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं आणि रोजची कामं अडू लागली, तर छोटे आनंद पुरणार नाहीत, डॉक्टरांकडे जायला हवं. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेच्या बोलण्याच्या उपचारांसाठी स्वतःचं नाव स्वतःच नोंदवता येतं, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. मरणाचे विचार येत असतील तर मात्र त्याच दिवशी मदत घ्यायची. या नैराश्यावर वापरतात तो प्रखर प्रकाशाचा दिवा घ्यायचा असेल तर तो १०,००० लक्सचा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) हवा. सकाळी उठल्यावर साधारण २० ते ३० मिनिटं, दिवा बनवणाऱ्याने सांगितलेल्या अंतरावर बसायचं. ज्यांना कधी उन्मादाचा झटका येऊन गेला आहे किंवा डोळ्यांचा आजार आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. ड जीवनसत्त्वाचंही तिथे सगळ्यांनाच सांगितलं जातं: शरद आणि हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम. सावळ्या कातडीच्या लोकांनी ते वर्षभर घेण्याचा विचार करावा असा सल्ला आहे. मनासाठी म्हणून नव्हे, हाडांसाठी आणि स्नायूंसाठी.

या बाईंची झोप ठीक होती, कामात चुका नव्हत्या, हसू येत होतं. म्हणजे घरात बसूनच काही बदलता येण्यासारखं होतं.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच दिवशी दिलं: बिघडलेलं काही नाही. जूनमध्ये लीड्सला सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो. शाळा सुटल्यावर बाग, बाकावर बसलेल्या दोन ओळखीच्या आया, परतताना दुकान, मग मागच्या अंगणात वाळलेले कपडे काढणं, हे सगळं न ठरवता घडत होतं. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्यास्त सव्वासातच्या आसपास येतो आणि त्या दिवसांत दिवस रोज जवळजवळ चार मिनिटांनी आखडतो. त्यात पाऊस. बाग सुटली, बाक सुटला, कपडे घरातल्या दांडीवर आले. एकही गोष्ट कुणी ठरवून बंद केली नाही, म्हणून ती गेल्याचं लक्षातही आलं नाही. उन्हाळ्याचे आनंद बाहेरून फुकट येतात. शरदातले घरात उभे करावे लागतात, आणि तेही मन लागण्याच्या आधी. पीटर ल्यूइनसोन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात यावर काम केलं. बरं वाटणाऱ्या कृती कमी झाल्या की मन खालावतं आणि मन खालावलं की कृती आणखी कमी होतात. या चक्रात ‘वाटलं की करीन’ म्हणणारा माणूस अडकून पडतो, कारण वाटणं करण्याच्या मागून येतं.

पहिला आठवडा काहीही बदलायचं नव्हतं, फक्त वही भरायची होती. एका ओळीत एक तास. त्या तासात काय केलं ते चार शब्दांत आणि पुढे दोन आकडे, दोन्ही ० ते १० मध्ये. एक आकडा किती बरं वाटलं याचा, दुसरा काहीतरी पार पडल्याच्या समाधानाचा. दोन्ही लागतात. फ्रिज पुसण्यात आनंद १ असतो पण समाधान ७ असू शकतं, आणि अशा कामांवरही दिवस तरतो. वही रात्री एकदम भरायची नाही, दर दोन-तीन तासांनी भरायची. रात्री मन थकलेलं असतं आणि सगळ्या दिवसाला सरसकट २ देऊन मोकळं होतं.

वहीतून जे निघालं त्याचं त्यांनाच नवल वाटलं. मेणबत्तीच्या तासाला २ होते, चहाला ३. आठवड्यातला सगळ्यात मोठा आकडा, ६, दोनदा आला होता, आणि दोन्ही वेळा त्या पुण्यात आईला फोन लावून स्पीकरवर बोलत मेथी निवडत होत्या. दुपारी चार ते सात मात्र ओळीने १, २, १. त्या तीन तासांत हातात फोन आणि फोनमध्ये गणपतीचे फोटो.

मेणबत्ती का चालली नाही? कारण ती लावून झाली की करायला काही उरत नाही. मन खाली असताना नुसतं बसून अनुभवायचे आनंद सगळ्यात अवघड जातात. हात रिकामे असले की डोक्यात जुनी चक्की सुरू होते. हात गुंतलेले, नाकाला वास, कानाला ओळखीचा आवाज आणि काम पंधरा-वीस मिनिटांत संपणारं, अशा गोष्टी आधी निवडायच्या. मेणबत्ती वाईट नाही, पण तिची पाळी नंतरची.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी उत्साहाने सात गोष्टींची यादी केली. विणकाम, वाचन, योगासनं, केक, सगळंच. बुधवारपर्यंत त्यातल्या पाच करायच्या राहून गेल्या आणि ‘मला हेही जमत नाही’ ही आठवी गोष्ट यादीत आली. हे नेहमी होतं. मग यादी कापली: रोजच्या दोन आणि आठवड्याची एक. प्रत्येकीला घड्याळातली वेळ, घरातली जागा आणि पहिली हालचाल. ‘संध्याकाळी निवांत बसेन’ हे वेळापत्रक नव्हे. ‘साडेचारला ओट्याशी, आधी परात काढायची’ हे आहे. शिवाय प्रत्येकीचं वाईट दिवसासाठीचं दोन मिनिटांचं रूप ठरवलं, म्हणजे खाडा पडत नाही.

रोजची पहिली गोष्ट होती उन्हाची खुर्ची. हिच्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण शरदात घराला मिळणारी ही खरी देणगी आहे आणि ती सहज हुकते. जूनमध्ये लीड्सला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून साधारण ६० अंश वर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन जेमतेम खिडकीच्या पायाशी पडतं. सप्टेंबरअखेर तो साधारण ३४ अंशांवर उतरतो आणि तेच ऊन खोलीच्या मध्यापर्यंत येतं. ऑक्टोबरात ते समोरच्या भिंतीवर चढतं. म्हणजे दिवस लहान होत असताना घरात ऊन मात्र जास्त खोलवर येतं. बाईंची खुर्ची वर्षानुवर्षं टीव्हीसमोर होती. एक दिवस त्यांनी दर तासाला ऊन कुठे आहे तिथे जमिनीवर कागदी चिकटपट्टी लावली आणि सव्वाबारा ते एकची जागा पक्की केली. खुर्ची तिथे आली, जेवणाचं ताट तिथे आलं, फोन दुसऱ्या खोलीत राहिला. काच बाहेरून पुसली, कारण तिरप्या उन्हात काचेवरचा मळ जास्त दिसतो आणि त्यावरच नजर अडकते. ढगाळ दिवशी काय करायचं हेही आधीच ठरलं होतं: छत्री घेऊन दारासमोरच्या गल्लीची एक फेरी. आभाळ भरलेलं असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो.

दुसरी गोष्ट, साडेचारचा फोन आणि निवडणं-चिरणं. मेथी, शेंगा, लसूण, काही नसेल तर डाळिंब. फोटो पाहणाऱ्या तासावरच ही गोष्ट मुद्दाम ठेवली. नको असलेली सवय नुसती बंद केली की तिची जागा रिकामी राहते आणि ती परत येते. गणपतीपासून दिवाळीपर्यंत परदेशातल्या मराठी माणसाला घरची ओढ सगळ्यात जास्त लागते. फोटो पाहू नका म्हणून ती थांबत नाही. आईने आज मोदक कसे वळले हे आईच्या तोंडून ऐकलं तर वहीत ५ पडतात, फोटो पाहून १ पडला होता.

आठवड्याची गोष्ट म्हणून खिडकीतली मेथी लावली. स्वयंपाकघरातल्याच मेथीचे दोन मोठे चमचे दाणे रात्रभर भिजवायचे. खाली भोकं असलेला, साधारण २० बाय १५ सेंटिमीटरचा ट्रे, त्यात तीन-चार सेंटिमीटर कुंडीची तयार माती. दाणे एकमेकांवर न चढवता पसरायचे, वर मातीचा पातळ थर, पाण्याचा हबका, वरून ताट झाकायचं. दोन-तीन दिवसांत कोंब दिसले की ताट त्याच दिवशी काढायचं आणि ट्रे उन्हाच्या खिडकीत ठेवायचा. बाईंच्या पहिल्या ट्रेला पांढरी बुरशी आली. ताट पाच दिवस झाकून राहिलं होतं, दाणे दाट होते आणि पाणी रोज वरून घातलं जात होतं. पुढच्या वेळी त्यांनी पाणी खालच्या ताटलीत घातलं आणि पंधरा मिनिटांनी उरलेलं ओतून टाकलं. दोन आठवड्यांच्या आसपास बोटभर उंचीची कोवळी मेथी कात्रीने कापता येते. मऊ भात, मेतकूट, तूप आणि वर ही कच्ची मेथी बारीक चिरून, असं एका माणसाचं जेवण होतं. ऑक्टोबर पुढे सरकतो तशी रोपं उजेडाकडे लांबट झुकतात, म्हणून ट्रे रोज फिरवायचा. कोथिंबिरीने सुरुवात करू नये. धने उगवायला एक ते तीन आठवडे लागतात आणि तेवढा धीर या दिवसांत धरवत नाही.

एक अडचण मधेच उभी राहिली. कोजागिरीला त्यांनी सगळ्यांसाठी मसाला दूध आटवलं. नवरा रात्रपाळीला गेला, मुलाने वेलचीचा वास नको म्हणून पेला सरकवला आणि वहीत शून्य पडलं. घरच्यांसाठी केलेली गोष्ट त्यांच्या पसंतीवर तोलली जाते. ती करावी, पण आपल्या यादीत धरू नये. पुढच्या सत्रात ठरलं की यादीतली निदान एक गोष्ट एका माणसाच्या मापाची असावी, अर्धा लिटर नव्हे, एक पेला. कोजागिरीपुरतं बोलायचं तर मध्यरात्रीची वाट पाहण्याचीही गरज नाही. पुनवेचा चंद्र सूर्य मावळतानाच उगवतो, म्हणजे तिथे तो संध्याकाळी सहा-साडेसहाला दिसतो, मूल जागं असतानाच.

पाचव्या आठवड्यात चार ते सातचे आकडे ४ आणि ५ वर आले होते. काही दिवस २ होते. ते तसेच लिहायचे. दहाची अपेक्षा कुणी करू नये. रोजच्या घरगुती आनंदाचा आकडा ४ ते ६ मध्येच हलतो आणि तेवढा पुरतो.

मग ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला आणि घड्याळं एक तास मागे गेली. सूर्यास्त एकदम पाचच्या आत, आणि वही पुन्हा १-२ वर. अंधार हे एक कारण होतंच, पण नीट पाहिल्यावर दुसरंही सापडलं. उन्हाळी वेळेत भारत साडेचार तास पुढे असतो, आता साडेपाच तास झाला. त्यांच्या साडेचारला पुण्यात आधी रात्रीचे नऊ वाजत, आता दहा, आणि आई तोवर झोपलेली. फोन साडेतीनवर आणायचा तर शाळेतून परतण्याची वेळ. शेवटी तो दुपारच्या जेवणात गेला: त्यांचा साडेबारा, आईचा सहाचा चहा, उन्हाच्या खुर्चीतच. साडेचारच्या रिकाम्या जागेवर निवडणं-चिरणं राहिलं आणि आवाजासाठी मुलगा आला. तो ओट्याशी बसून मराठीतून दिवस सांगतो आणि लसूण सोलतो.

डिसेंबरासाठीची आखणी आत्ताच करून ठेवली आहे. माध्यान्हीचा सूर्य तेव्हा १३ अंशांच्या आसपास असेल आणि समोरच्या घरांच्या छपरांआड जाईल, म्हणजे खुर्चीवर ऊन येणार नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून बाराची फेरी रोजची, वीस मिनिटांची, आणि खुर्ची फेब्रुवारीपर्यंत पुन्हा टीव्हीसमोर.