पहिल्याच सीझनला मोठ्या पोरांमागे धावू नकोस

अरे, हूप्स डायनेस्टीत, म्हणजे कॉलेज बास्केटबॉल टीमचा कोच बनून खेळायच्या त्या ऑनलाइन गेममध्ये, सुरुवात तिसऱ्या डिव्हिजनपासूनच होते, तेव्हा जरा दमाने घे. मी घाई केली होती. एका उंच सेंटर खेळाडूवर भरतीचे जवळपास सगळे पॉइंट ओतले, घरी भेटी दिल्या. पठ्ठ्या शेवटी वरच्या डिव्हिजनला गेला आणि मी वॉक-ऑन, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय आलेल्या पोरांवर सीझन रेटला.

आजचं रेटिंग थोडं कमी असलं तरी चालेल, आधी वर्क एथिक आणि पोटेन्शियल बघ. मेहनती फ्रेशमन (पहिल्या वर्षाचा) सीनियर (शेवटच्या वर्षाचा) होईपर्यंत ओळखू येत नाही. सरावाची मिनिटं मात्र जिथे वाढायला जागा आहे तिथेच दे. बॉल हँडलिंग वाढायचं थांबलेल्या गार्डला तेच घोटवण्यात काय अर्थ? आणि प्रेस, म्हणजे कोर्टभर दबाव टाकणारा डिफेन्स खेळायचा तर स्टॅमिना आणि भरलेला बेंच दोन्ही हवेत, नाहीतर दुसऱ्या हाफमध्ये पोरं धापा टाकतात.