टीबीच्या गोळ्या आणि रक्ताचा रिपोर्ट

प्रश्न : वडिलांना (वय ५८, वजन ४६ किलो) फुप्फुसाचा टीबी आहे. रोज तीन गोळ्या चालू आहेत. औषध सुरू करताना प्लेटलेट ५ लाख ६० हजार होत्या, दोन महिन्यांनी २ लाख ४० हजार आल्या. हिमोग्लोबिन ९.४ वरून १०.६ झालं. गोळ्यांनी रक्त आटतंय, बंद करा, असं घरचे म्हणतात. काय करावं? (निफाड)

उत्तर : बंद अजिबात करू नका, रिपोर्ट चांगला आहे. प्लेटलेट (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी) दीड ते साडेचार लाख असाव्यात. जास्त होत्या त्या आधीच्या. टीबीचा दाह असेपर्यंत अस्थिमज्जा (हाडांतला रक्त बनवणारा मगज) प्लेटलेट जादा बनवते आणि शरीर लोह साठ्यात अडकवून ठेवतं, म्हणून हिमोग्लोबिन उतरतं. जंतू मरू लागले की दोन्ही आकडे जागेवर येतात. मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. लोह खरंच कमी आहे का, हे डॉक्टरांना तपासू द्या.

खरा धोका या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिन नावाच्या औषधाचा, आणि तोही बहुधा खंड पडल्यावर. द्राक्षांच्या छाटणीत पंधरा दिवस गोळ्या राहतात, मग उरलेलं पाकीट परत फोडलं जातं. या औषधाविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार झालेली असतील, तर गोळी पोटात जाताच काही तासांत प्लेटलेट कोसळू शकतात. नडगीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठतात, वरून काचेचा ग्लास दाबला तरी ते मावळत नाहीत. हिरड्यांतून रक्त येतं. असं दिसलं तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठा. कारण रिफाम्पिसिन ठरलं, तर ते पुन्हा कधीच देत नाहीत. म्हणून खंड पडला असेल तर आधी विचारा, मगच सुरू करा. (लघवी केशरी होते ती याच औषधाच्या रंगाने, ते रक्त नव्हे.)

ठिपके नाहीत, पण आकडा अचानक कमी आला? जांभळ्या बुचाच्या नळीत कधी प्लेटलेटच्या गुठळ्या होतात आणि मशीन कमी मोजतं. काचपट्टीवर पाहून खात्री करायला सांगा. पावसाळ्यात सोबत ताप असेल तर डेंग्यूही तपासा.

प्रश्न : भावाला एमडीआर टीबी (नेहमीच्या औषधांना दाद न देणारा) आहे. त्याचंच रक्त सारखं का काढतात? (सातपूर)

उत्तर : लिनेझोलिड या एमडीआरवरच्या औषधामुळे. ते जंतूंची प्रथिनं बनू देत नाही, पण आपल्या पेशींतल्या ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रियालाही त्याची झळ लागते आणि अस्थिमज्जा मंदावते. बहुतेक वेळा हे पहिल्या दोन-तीन महिन्यांत होतं, म्हणून सुरुवातीला दोन आठवड्यांनी आणि पुढे दर महिन्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करतात. हिमोग्लोबिन ८ च्या खाली गेलं किंवा सुरुवातीच्या आकड्याच्या पाव हिश्श्याहून जास्त घसरलं, प्लेटलेट ७५ हजारांखाली आल्या, तर डॉक्टर औषध थांबवतात किंवा ६०० मिलिग्रॅमचे ३०० करतात. प्रत्येक तपासणीला पहिला रिपोर्ट सोबत न्या, घसरण त्याच्याशीच ताडतात. पायांना मुंग्या येत असतील किंवा नजर अंधुक झाली असेल, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.