टमी टकनंतर लवकर आणि नीट बरं होण्यासाठी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात टमी टक, म्हणजे सुटलेलं पोट सपाट करायचं ऑपरेशन आहे, दोन्ही बाळंतपणं सिझरची, धाकटा अडीच वर्षांचा आहे आणि घरी ‘हर्नियाचं ऑपरेशन’ असं सांगणार आहात. आठ दिवसांत घरकामाला लागता येईल का, असंही विचारलंय.

आठ दिवसांत नाही, ताई. बसून करायचं ऑफिसचं काम साधारण दोन-तीन आठवड्यांनी जमतं. पण मुलाला कडेवर घेणं, भरलेली बादली, तांदळाचा डबा, गाद्या हे सगळं किमान सहा आठवडे बंद. मी प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर आहे. ऑपरेशन उत्तम होऊनही घरी गेल्यावर गडबड झालेल्या बायका पाहते, आणि बहुतेकींचं कारण एकच असतं: ‘हौसेनं करून घेतलंय, मग कुणाला मदत कशी मागू?’

म्हणून तुमच्या हर्नियाला माझी हरकत नाही. आपल्याकडे हर्निया म्हटलं की शेजारीणसुद्धा ‘वजन उचलू नको गं’ म्हणते. फक्त मग हर्नियाच्या पेशंटसारखंच वागा. घरात एका माणसाला, शक्यतो नवऱ्याला, खरं माहीत असू द्या. रात्री काही झालं तर डॉक्टरांना नेमकं सांगणारं कुणीतरी हवं. तसंही हे साध्या हर्नियापेक्षा मोठंच काम आहे. जादा कातडी-चरबी कापून काढतात, बाळंतपणात फाकलेले पोटाचे स्नायू मधोमध ओढून शिवतात, बेंबीला नवं भोक पाडतात. टाके एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत.

पहिला आठवडाभर कमरेत वाकून चालाल. ते बरोबरच आहे, ताठ व्हायची घाई नको. झोपताना पाठीला उतार आणि गुडघ्यांखाली उशी, म्हणजे टाक्यांवर ताण येत नाही. पण पडून राहायचं नाही. त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी आम्ही धरून चालवतो, कारण या ऑपरेशननंतर पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती असते. घरीही दर तास-दोन तासांनी खोलीतल्या खोलीत फेरी मारा. खोकला किंवा शिंक आली तर पोटाशी उशी घट्ट धरा. फोडणीच्या वेळी स्वयंपाकघरात फिरकू नका, ठसका लागला की काय होतं ते तेव्हाच कळतं. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा. जोर करायची वेळ येऊ नये म्हणून पाणी भरपूर आणि डॉक्टरांनी सांगितलेलं इसबगोल किंवा औषध. दुखण्याच्या काही गोळ्यांनी पोट साफ होत नाही.

बहुधा ड्रेनच्या, म्हणजे आत साचणारं पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या लावून घरी पाठवतील. त्यात किती पाणी जमलं ते रोज ठरलेल्या वेळी मोजून वहीत लिहा, रंगही लिहा. 24 तासांत 30 मिलीच्या खाली आलं की साधारणपणे नळी काढतात. ‘थोडंच होतं’ या उत्तरावर कुणी नळी काढत नाही.

आता घरच्या उपचारांबद्दल. हर्निया असो की आणखी काही, बाईच्या पोटाला टाके पडले की घर आपोआप बाळंतिणीच्या तयारीला लागतं. पोट बांधणं ठीक, पण जुन्या सुती साडीनं नाही. डॉक्टरांनी दिलेला पट्टाच वापरायचा, त्यांनी सांगितल्याप्रमाणे, बहुतेकदा चार ते सहा आठवडे. शेक मात्र अजिबात नाही, ना शेगडीचा, ना गरम पाण्याच्या पिशवीचा. बेंबीखालची कातडी कित्येक महिने बधिर असते, भाजलं तरी समजत नाही. टाक्यांवर हळदही लावायची नाही. ‘आंबट खाल्लं की पू होतो, डाळ-अंडी नको’ हे पथ्य तर सोडूनच द्या. जखम भरायला प्रथिनंच लागतात. डाळ, उसळ, दही, अंडी, पनीर, जे चालतं ते रोज खा.

आणि मिश्री. तंबाखू खाता का विचारलं की बायका नाही म्हणतात. मिश्री लावता का विचारलं की ‘ती होय, सकाळी एकदा.’ मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ताणून खाली आणलेल्या कातडीला रक्तपुरवठा आधीच कमी असतो, निकोटिननं रक्तवाहिन्या आणखी आकसतात, आणि नेमकी मधोमध, टाक्याजवळची कातडी काळी पडते. मग महिनोन्महिने ड्रेसिंग. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे पूर्ण बंद. लावत असाल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना खरं सांगा, तिथे हर्निया नको.

संध्याकाळी पोट फुगेल, सकाळी कमी वाटेल. हे बरेच महिने चालतं. दुसऱ्या आठवड्यात आरशात सूज आणि लाल रेघ बघून ‘कशाला केलं’ म्हणून रडू येणं इतकं नेहमीचं आहे की आम्ही आधीच सांगून ठेवतो. जखम पूर्ण मिटल्यावर विचारून सिलिकॉन जेल किंवा पट्टी सुरू करा. व्रण फिका पडायला वर्ष-दीड वर्ष लागतं. साडी नेसताना परकराची नाडी व्रणावर काचते, तोवर रुंद इलॅस्टिकचा परकर बरा.

एका पोटरीत दुखून सूज आली, धाप लागली किंवा छातीत दुखलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इमर्जन्सीत जा. ताप, घाण वासाचा स्राव, एका बाजूला अचानक ताठ सूज, कातडी काळपट होणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी सर्जनला फोन. ड्रेन काढल्यावर पोटात पाणी हिंदकळल्यासारखं वाटलं तर घाबरू नका, बऱ्याचदा ओपीडीत सुईनं काढता येतं, पण दाखवायला मात्र जा.

पैसे भरण्याआधी हॉस्पिटलला दोन गोष्टी विचारा: रात्री दोन वाजता फोन कोण उचलतं, आणि असं पाणी काढायचं, पुन्हा टाके घालायचे झाले तर ते पॅकेजमध्ये आहे का. कॉस्मेटिक ऑपरेशनला विमा सहसा मिळत नाही, त्यामुळे हे लेखी घ्या.