पहिल्याच प्रकरणात अडकतोय, म्हणजे माझं डोकं कमी का?

बारावीला गणितात नव्वदच्या वर गुण, पुढे डिप्लोमा, आता चाकणला शिफ्टमध्ये नोकरी. असा एक तरुण माझ्याकडे आला होता (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). पदवीसाठी नाही, निव्वळ आवडीपोटी त्याला वरचं गणित शिकायचं होतं. मोबाइलवर पीडीएफचा ढीग होता आणि त्यातलं प्रत्येक पुस्तक पहिल्या प्रकरणातच सोडलेलं. "मॅडम, शाळेत घोकून मार्क पडले असणार. माझं डोकं एवढंच."

हे मी फार जणांकडून ऐकते, आणि दर वेळी वाईट वाटतं. त्याला मी त्याचं आवडतं पुस्तक उघडायला सांगितलं. निघालं वॉल्टर रुडिन यांचं विश्लेषणावरचं (analysis, म्हणजे कलनाचा पाया सिद्धतांसह मांडणारी गणिताची शाखा), १९५३ साली पहिल्यांदा आलेलं. पुस्तक उत्तमच आहे, पण ते पदवीच्या वरच्या वर्गांसाठी लिहिलंय. प्रस्तावनेत तसं सांगितलंय. ती त्याने वाचलीच नव्हती.

पहिलंच उदाहरण असं: एक शून्येतर परिमेय संख्या, एक अपरिमेय, त्यांची बेरीज आणि गुणाकार अपरिमेय असतात हे सिद्ध करा. "यात काढायचं काय तेच कळत नाही," तो म्हणाला. खरी अडचण इथेच होती. बारा वर्षं त्याने उत्तरं काढली होती. सिद्धता स्वतः रचायला त्याला क्वचितच कुणी सांगितलं होतं. मी म्हटलं, "बेरीज परिमेय आहे असं धरून चाल." त्याने त्यातून परिमेय संख्या वजा केली, अपरिमेय संख्या परिमेय ठरली, आणि विसंगती समोर आली. गुणाकाराचं त्याने आपलं आपण केलं. भागाकार करताना थबकून म्हणाला, "म्हणून शून्येतर म्हटलंय होय!" ज्याचं डोकं कमी, त्याला हे सुचत नाही. तसं मी त्याला स्पष्ट सांगितलं.

मग मी बार्टल आणि शेरबर्ट यांचं वास्तव विश्लेषणाचं पुस्तक सुचवलं. विषय तोच, पण चाल सावकाश; शेवटी तर्क आणि सिद्धतांवर परिशिष्ट आहे, निवडक उदाहरणांसाठी सूचनाही आहेत. सुरुवात त्या परिशिष्टापासून कर, म्हटलं, आणि अप्पा बळवंत चौकात जुनी प्रत मिळते का बघ. कागदावरच्या पुस्तकात बोट ठेवून मागे जाता येतं.

पुस्तक पेलेल का हे पाहायला मी एक कसोटी सांगते. एखाद्या भागाची पाच-सहा उदाहरणं घ्या. सगळी झटक्यात सुटली तर पुस्तक हलकं, प्रश्नच कळला नाही तर जड. निम्मी सुटली आणि उरलेल्यांनी रात्री छळलं, तर तेच घ्या. बाकीची मिटून ठेवा.

रुडिन मात्र मी त्याला मोबाइलवरून काढू दिलं नाही. बार्टलमधलं एक प्रकरण संपलं की तोच विषय रुडिनमध्ये वाचायचा, असं ठरलंय. सध्या तो संख्यांच्या अनुक्रमांच्या (sequences) प्रकरणापाशी आहे. लिहिलेल्या सिद्धता गावातल्या कॉलेजचे एक निवृत्त सर तपासून देतात.