अमेरिकन सिनेमांत डोंगरातली माणसं कायम अडाणी, दारुडी आणि बंदूकबाज का दाखवतात? खरंच तशी असतात का?

तुम्ही लिहिलंय की वेस्ट व्हर्जिनियात नोकरी मिळतेय, पण डोंगरातली माणसं शहरी पाहुण्यांवर हल्ला करतात तो 'डिलिव्हरन्स' सिनेमा पाहिल्यापासून मनात धाकधूक आहे. नोकरी घ्या. बाकीच्या प्रश्नाला जरा वेळ लागेल.

मी नैऋत्य व्हर्जिनियात ब्लॅक्सबर्गला शिकले आणि पुढे नोकरीही त्याच डोंगरपट्ट्यात केली. ॲपलॅचिया म्हणतात तो हा पट्टा. सरकारी व्याख्येप्रमाणे तो न्यूयॉर्क राज्यापासून मिसिसिपीपर्यंत १३ राज्यांत पसरलाय, आणि अख्खंच्या अख्खं त्यात येतं असं राज्य एकच, तुमचं वेस्ट व्हर्जिनिया. एवढ्या मुलखातल्या सगळ्यांना मिळून एकच माणूस उभा केला गेला: अनवाणी, दात पडलेला, मांडीवर बंदूक, शेजारी घरी गाळलेल्या दारूचा बुधला. 'हिलबिली' तो हाच.

त्याला घडवायला सुरुवात झाली अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर (१८६१-६५). १८७३ मध्ये एका मासिकात या भागाचं वर्णन आलं, त्याचं शीर्षकच 'विचित्र मुलूख आणि तऱ्हेवाईक लोक' अशा अर्थाचं होतं. मग अशा लिखाणाची रीघ लागली. १८९९ मध्ये केंटकीतल्या बेरिया कॉलेजचे अध्यक्ष विल्यम फ्रॉस्ट यांनी या लोकांना 'आपले समकालीन पूर्वज' म्हटलं. ते कौतुकानेच बोलत होते म्हणा. पण जित्याजागत्या माणसाला एकदा पूर्वज ठरवलं की त्याच्या जमिनीचं काय करायचं ते ठरवायला वारस मोकळे.

आणि जमिनीवर डोळा होताच. वर जंगल, खाली कोळसा, दाराशी येऊ घातलेली रेल्वे. वेस्ट व्हर्जिनियातले हॅटफिल्ड आणि सीमेपलीकडच्या केंटकीतले मकॉय यांच्या वैराची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. डुकरावरून दोन रानटी घराणी एकमेकांचे मुडदे पाडत राहिली, अशी ती सांगतात. डुकराचं भांडण खरं आहे, १८७८ चं. पण रँडॉल्फ मकॉयने त्यात बंदूक काढली नाही. तो कोर्टात गेला आणि हरला. खरा रक्तपात झाला तो १८८२ मध्ये, निवडणुकीच्या दिवशी झालेल्या मारामारीतून. तिघा मकॉय भावांनी एका हॅटफिल्डला भोसकलं, गोळीही घातली. तो गेल्यावर हॅटफिल्डांनी त्या तिघांना झाडांना बांधून गोळ्या घातल्या. हे भीषणच होतं. पण पुढची काही वर्षं त्या मानाने शांत गेली.

मग १८८७ मध्ये केंटकीतल्या पाइकव्हिलचा वकील पेरी क्लाइन याने ती जुनी प्रकरणं उकरून काढली. हा क्लाइन कोण? हॅटफिल्डांचा म्होरक्या 'डेव्हिल ॲन्स' लाकडाच्या धंद्यात होता, आणि दहा वर्षांपूर्वी दावा लावून त्याने याच क्लाइनची ५,००० एकर जमीन मिळवली होती. आता रेल्वेच्या चाहुलीने तिथल्या जमिनीला भाव चढायला लागला होता. प्रकरण पुन्हा पेटलं, १८८८ च्या नववर्षाच्या रात्री मकॉयचं घर जाळलं गेलं, त्याची दोन मुलं मेली. दोन राज्यांचे गव्हर्नर हमरीतुमरीवर आले, खटला थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेला, आणि न्यूयॉर्कच्या पेपरचा बातमीदार डोंगरात येऊन रानटीपणाच्या सुरस कथा पाठवू लागला. वकील, दावे, लाकूड, जमिनीचे भाव हे सगळं त्या कथांतून गळालं. दाढी आणि बंदूक तेवढी उरली.

पुढे कोळशाचे दलाल दारोदार फिरून खनिजहक्काच्या कागदांवर सह्या घेत होते. सही येत नसेल तर फुली. जमीन तुमचीच, फक्त तिच्या पोटातलं आमचं. भाव एकराला साधारण अर्धा-एक डॉलर. खनिज काढायला लागेल ते सगळं कंपनी करू शकेल, असंही त्यात होतं. काही दशकांनी बुलडोझर आले आणि त्या फुल्यांच्या जोरावर नातवंडांच्या दारातला डोंगर खरवडू लागले. १९६५ मध्ये केंटकीच्या नॉट काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) ऑली कोम्ब्स नावाची एक विधवा घरावरच्या उतारावर बुलडोझरपुढे जाऊन बसली. दोघा पोलिसांनी तिला उचलून नेलं. थँक्सगिव्हिंगच्या सणाचं जेवण तिने तुरुंगात जेवलं. त्या कागदांचा कंपन्यांच्या सोयीचा अर्थ केंटकीच्या मतदारांनी घटनादुरुस्ती करून मोडला, तोवर १९८८ उजाडलं.

लाचार, सुस्त वगैरे म्हणतात ती ही माणसं. १९२१ मध्ये तुमच्याच राज्यात ब्लेअर माउंटनवर सुमारे दहा हजार खाणकामगार, गोरे, काळे, इटलीहून आलेले, गळ्यात लाल रुमाल बांधून युनियनसाठी शस्त्रं घेऊन उभे राहिले. शेवटी केंद्राला सैन्य धाडावं लागलं. यावरचे किती सिनेमे पाहिलेत तुम्ही?

'डिलिव्हरन्स'चं म्हणाल, तर तो १९७२ चा सिनेमा. त्यात बॅन्जो, म्हणजे गिटारसारखं तंतुवाद्य, वाजवताना दिसतो तो मुलगा जॉर्जियातल्या रेबन काउंटीचाच, जिथे चित्रीकरण झालं. त्याला बॅन्जो येत नव्हता. दुसऱ्या वादकाने मागे लपून त्याच्या बाहीतून हात घातला होता! आणि हिलबिलीच्या हातात हटकून दाखवतात तो बॅन्जो मुळात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन लोकांचं वाद्य.

तिथल्या लोकांचा बाहेरच्यांच्या कॅमेऱ्याबद्दलचा राग मात्र खरा आहे. १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन केंटकीतल्या इनेझ गावी एका गरीब कुटुंबाच्या ओट्यावर बसून बोलले, 'गरिबीविरुद्धचं युद्ध' या सरकारी मोहिमेचा गाजावाजा झाला, आणि मागोमाग कॅमेऱ्यांच्या फौजा आल्या. सगळ्यांना हवी मोडकी घरं आणि काळवंडलेले चेहरे. १९६७ मध्ये केंटकीतल्याच जेरेमाया गावात ह्यू ओकॉनर हा कॅनेडियन चित्रपटकार एका भाडेकरू खाणकामगाराचं चित्रण करत होता. कामगाराची हरकत नव्हती. घरमालक आला, निघा म्हणाला, ते सामान आवरत असतानाच त्याने गोळी झाडली. ओकॉनर गेला. खुनाचं समर्थन होऊच शकत नाही, पण गावातले बरेच जण मालकाच्या बाजूने होते. त्याच परिसरात वाढलेल्या एलिझाबेथ बॅरेट यांनी २००० मध्ये यावर माहितीपट केला. नाव 'स्ट्रेंजर विथ अ कॅमेरा'. एकच काही पाहणार असाल तर तो पाहा.

हल्ली दारूच्या बुधल्याची जागा व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांनी घेतलीय. व्यसनाचा प्रश्न तिथे आहे, खोटं कशाला बोलू. पण तुमच्याच राज्यातल्या, जेमतेम चारशे वस्तीच्या करमिट गावातल्या एका औषधाच्या दुकानात दोन वर्षांत सुमारे ९० लाख वेदनाशामक गोळ्या पोचल्या, हे चार्ल्सटनच्या पेपरने खणून काढलं आणि त्याला २०१७ चं पुलित्झर हे पत्रकारितेचं पारितोषिक मिळालं. एवढ्या गोळ्या भरून पाठवणारे त्या चारशेंतले नव्हते. पुढे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष झालेले जे. डी. व्हान्स यांचं २०१६ चं 'हिलबिली एलेजी' हे आत्मकथन दोष बराचसा लोकांच्या वृत्तीवर टाकतं. ते ओहायोत वाढले, आणि ॲपलॅचियातल्या अनेकांना ते पुस्तक मुळीच पटलेलं नाही.

आता दुसरी बाजू: हे सोंग कधी तिथली माणसंही वापरतात. टेनेसीत पिजन फोर्जला हॅटफिल्ड-मकॉयच्या भांडणाचा शो जेवणासकट विकला जातो आणि जोरात चालतो. प्रयोगशाळेत माझ्या शेजारी बसणारी मुलगी बुकॅनन काउंटीची, कोळशाच्या गावातली. आईशी फोनवर ती ज्या सुरात बोले, तो सेमिनारमध्ये नावालाही ऐकू येत नसे. 'तसं बोलले की लोक माझ्या आकडेमोडीवर शंका घेतात', असं तीच म्हणाली. रूममेटला मात्र तोच सूर ठासून काढून हसवायची.

तुमच्या कामाचं: मॉर्गनटाउन विद्यापीठाचं गाव आहे, तिथे सगळं मिळेल. दक्षिणेच्या कोळसा काउंट्यांत किराणा लांब पडतो, बरी गाडी घ्या. छोट्या दवाखान्यांत भारतीय डॉक्टर भेटले तर नवल वाटून घेऊ नका, बरीच वर्षं आहेत ते तिथे. कुणाच्या घराचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका. दऱ्यांत मोबाइलची रेंज जाते. ग्रीन बँकच्या आसपास तर ती मुद्दामच नसते, कारण तिथे पूर्ण वळवता येणारी जगातली सगळ्यात मोठी रेडिओ दुर्बीण आहे आणि तिला आपल्या फोनचा त्रास होतो.