मायटर सॉ घ्या भाऊ, पण ३८ हजारांचा नको आणि या महिन्यात नको

आर्णी तालुक्यातल्या एका वाचकाने सविस्तर पत्र पाठवलं आहे. वय ३६, सात एकर कोरडवाहू, त्यात पाच एकर कापूस आणि दोन एकर तूर. घरखर्च दोन गाईंच्या दुधावर निघतो. कापूस विकून खात्यात १ लाख ४० हजार आहेत, सहा क्विंटल तूर घरात आहे आणि सोसायटीचे पीककर्जाचे ९० हजार मार्चअखेर भरायचे आहेत. संध्याकाळी पडवीत बसून ते फोटोफ्रेम, छोटे देव्हारे, चौरंग करतात. गेल्या वर्षभरात ११ फ्रेम विकल्या, एका फ्रेममागे लाकूड-काच जाऊन ४५० रुपये सुटले. आता हातकरवतीने पंचेचाळीस अंशांचा जोड बसत नाही, कोपऱ्यात फट राहते, म्हणून मायटर सॉ, म्हणजे ठरलेल्या कोनात लाकूड कापणारी विजेची करवत, घ्यायचा आहे. त्यांच्यापुढे तीन भाव आहेत: पुढे-मागे सरकणारी मोठी मशीन ३८,५०० (बारा हप्ते, 'नो कॉस्ट ईएमआय'), नावाजलेल्या कंपनीची न सरकणारी १० इंची १७,८००, आणि ऑनलाइन बिननावाची ८,९००. पैसा कुठून? हप्त्याने, बायकोच्या बचत गटातून, की कुणी सांगितलं तसं विश्वकर्मा योजनेतून? असा प्रश्न आहे.

भाऊ, आधी तुमच्या खात्याबद्दल बोलू, मशीनकडे मग वळू.

१ लाख ४० हजार हा आकडा फेब्रुवारीत फार मोठा वाटतो. त्यातले ९० हजार तुमचे नाहीतच. पीककर्ज मुदतीत भरलं तर तीन लाखांपर्यंत डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याज पडत नाही. मुदत चुकली की ती सवलत गेली. इतका स्वस्त पैसा तुम्हाला दुसरीकडे कुठेच मिळणार नाही, म्हणून ते ९० हजार आजच बाजूला समजा. उरले ५० हजार. नवं कर्ज हाती पडेपर्यंत खरिपाची सुरुवात ४५ हजारांत होते, असं तुम्हीच लिहिलं आहे. २०२५ च्या खरिपात बीटी कापसाच्या बियाण्याच्या एका पाकिटाचा कमाल भाव ९०१ रुपये होता. पाच एकराला दहा पाकिटं धरली तर बियाण्यालाच नऊ हजार गेले, खत आणि तिफणवाल्याची मजुरी वेगळी. म्हणजे आज मोकळे आहेत ते पाच हजार. आता घरातली तूर. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,००० आहे, बाजारात तो मिळेलच असं नाही. तरी सहा क्विंटल तूर म्हणजे चाळीस-पंचेचाळीस हजारांची ठेव आहे. पण हीच तुमची अडीअडचणीची पुंजी. दवाखाना निघाला, गाय आजारी पडली, दुबार पेरणी करावी लागली तर तीच कामी येईल. तिला हात लावून मशीन घ्यावी असं मला वाटत नाही.

आता 'नो कॉस्ट'चा हिशेब बघा. रोखीने घेतली तर दुकानदार ३५,५०० ला देतो, हे तुमच्याच पत्रात आहे. हप्त्याने ३८,५००, वर जीएसटीसकट ९९९ रुपये प्रोसेसिंग फी. म्हणजे तुम्हाला खरं कर्ज मिळतंय साडेचौतीस हजारांचं आणि फेडायचे आहेत साडेअडतीस हजार, तेही पहिल्या महिन्यापासून. वार्षिक दर काढला तर तो वीस-एकवीस टक्क्यांवर जातो. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. त्याहून मोठी अडचण दुसरीच आहे. महिन्याला ३,२०८ रुपयांचा हप्ता नोकरदाराला झेपतो, कारण त्याचा पगार महिन्याला येतो. तुमचा पैसा येतो कापसाच्या वेचणीला. जुलै ते ऑक्टोबर निंदण, फवारणी, खत यात हात रिकामा असतो आणि नेमके तेव्हाच चार हप्ते खात्यातून कापले जातील. एक जरी परत गेला तर दंड लागतो, सिबिलवर नोंद होते, आणि पुढे कुठल्याही कर्जाला ती आडवी येते.

बचत गटाचं कर्ज शेकडा दोन रुपये महिना, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. ते व्याज गटातच राहतं, बाहेरच्या सावकाराकडे जात नाही, एवढी जमेची बाजू आहे. पण कर्ज वहिनींच्या नावावर, हप्ता त्यांच्या डोक्यावर आणि शौक तुमचा. उद्या त्यांना शिलाई मशीन किंवा तिसरी गाय घ्यायची झाली तर त्यांची पत तुमच्या करवतीत अडकलेली असेल. हा पर्याय मी सरळ खोडतो.

विश्वकर्मा योजनेचं. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेत १८ धंदे आहेत आणि सुतारकाम त्यात आहे, हे खरं. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार, पहिल्या टप्प्यात एक लाखाचं कर्ज पाच टक्क्यांनी, असा तो लाभ आहे. पण तो हाताने, अवजाराने स्वतःचा धंदा करून पोट भरणाऱ्यासाठी आहे. पहिली पडताळणी ग्रामपंचायतीतच होते, आणि गावात कोण सुतार आहे आणि कोण कापूसवाला, हे सरपंचाला तुमच्याआधी ठाऊक असतं. वर्षाला ११ फ्रेम विकणं म्हणजे सुतारकी नव्हे. अर्जात सुतार म्हणून सही करू नका. तुमच्या गावात बाजा, चौकटी करणारा खरा सुतार असेल आणि त्याने अजून अर्ज केला नसेल, तर त्याला सामायिक सेवा केंद्रात (सीएससी) घेऊन जा. त्यात तुमचाही फायदा आहे, रंद्याला धार कशी लावायची ते तो शिकवेल.

मशीनकडे येऊ. तुम्हाला हवी आहे अचूकता, आणि ३८ हजारांची मशीन घेतली की ती आपोआप मिळेल असा तुमचा समज दिसतो. फ्रेमला चार कोपरे, म्हणजे पंचेचाळीसचे आठ काट. प्रत्येक काटात अर्धा अंश चूक असली तर आठ काट मिळून चार अंश होतात, आणि तीन कोपरे घट्ट बसवले की सगळी चूक चौथ्या कोपऱ्यात गोळा होते. दोन इंच रुंद पट्टीला तिथे जवळजवळ पाच मिलिमीटरची फट दिसते. ही अर्ध्या अंशाची चूक महागड्या मशीनमध्येही असू शकते, कारण खोक्यातून काढलेली मशीन गुण्याला, म्हणजे अचूक काटकोनात, लागलेली असेलच असं नाही. ती आपण लावून घ्यायची असते. चार-पाच इंच रुंद सरळ फळी घ्या, शून्यावर ठेवून कापा, एक तुकडा उलटा करा आणि मागच्या कुंपणपट्टीला (लाकूड टेकवायच्या उभ्या पट्टीला) टेकवून दोन्ही तुकडे एकमेकांना भिडवा. फट दिसली तर तिच्या निम्मी चूक मशीनमध्ये आहे. पट्टीचे बोल्ट ढिले करून, थोडं सरकवून, पुन्हा कापून बघायचं. आणि समोरासमोरच्या पट्ट्या लांबीला अगदी सारख्या हव्यात. त्यासाठी मशीनशेजारी एक लाकडी ठोकळा पक्का बसवून प्रत्येक पट्टी त्याला टेकवून कापा. लांबीत फरक पडला तर कोन बरोबर असूनही कोपरा उघडा पडतो, आणि लोक दोष कोनाला देतात.

सरकणारी मशीन महाग असते ती रुंदीमुळे. तिने फूटभर रुंद फळी एका दमात कापता येते. न सरकणारी १० इंची सरळ काटाला साधारण पाच इंच जाते, पंचेचाळीसला साडेतीन. तुमच्या फ्रेमच्या पट्ट्या दोन इंचांच्या आहेत, त्यांना ही भरपूर झाली. उरला चौरंग. त्याची फळी आठ-दहा इंचांची असते, ती या मशीनवर एका काटात जाणार नाही. पण वर्षाला किती चौरंग करता? तेवढ्या फळ्या आरा मशीनवर मापात कापून आणा. शिवाय सरकत्या मशीनमध्ये एक जास्तीचा सांधा येतो, आणि स्वस्तातल्या सरकत्या मशीनमध्ये तो सांधाच हलतो. म्हणून तुमच्या कामाला मधली मशीनच बरी. १७,८०० ची.

८,९०० वाली का नको? भाव कमी म्हणून मी तिला नाव ठेवत नाही. तिचं कुंपण वाकडं निघालं, मोटरचं आर्मेचर (आतला फिरणारा भाग) जळलं, तर आर्णीहून ती पाठवायची कुठे? ज्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर नागपूर किंवा अमरावतीला आहे, कार्बन ब्रश आणि बेल्ट तिथे मिळतात, तिचीच मशीन घ्या, आणि दुकानातून, पक्क्या बिलावर. दुकानात गेलात की डोकं खाली-वर करून बघा, पातं हाताने बाजूला दाबून खेळ आहे का तपासा (प्लग काढलेला असेल तेव्हाच), आणि ४५ च्या खाचेत डोकं टकदिशी बसतं की सैल राहतं ते पाहा. आणखी एक. 'कट-ऑफ मशीन' म्हणून १४ इंची काहीतरी स्वस्तात दाखवतील. ती लोखंड कापायची, घासून कापणाऱ्या चकतीची मशीन. तिच्यावर लाकूड कापायचं पातं चढवणं म्हणजे हात गमावण्याची तयारी.

पैसा खरा लागतो तो पात्याला. मशीनसोबत कमी दात्यांचं किंवा ॲल्युमिनियम कापायचं पातं येण्याची शक्यता जास्त. फ्रेमसाठी साठ दात्यांचं कार्बाइडचं १० इंची पातं घ्या, मधल्या भोकाचं माप मशीनशी जुळवून. काही मशीनना २५.४ मिलिमीटरचं लागतं, काहींना ३० चं. सागाच्या कडा त्याने रंदा मारल्यासारख्या निघतील. पात्याला दोन हजार, चांगल्या गुण्याला सातशे, चष्मा-मास्क-क्लॅम्प आणि जाड वायरला हजार धरा. एकूण साडेएकवीस हजार. वायर लिहिली म्हणून मुद्दाम सांगतो: ही मशीन सोळाशे-साडेसोळाशे वॅट ओढते, म्हणजे सात अँपियर, आणि सुरू होताना त्याहून खूप जास्त. सहा अँपियरच्या सॉकेटवर, बारीक एक्स्टेंशनवर ती लावू नका. १६ अँपियरचा पॉवर प्लग, २.५ स्क्वेअर एमएमची वायर, अर्थिंगसकट. संध्याकाळी पंपांमुळे व्होल्टेज पडलेलं असलं की मोटर गुरगुरते आणि तापते, तेव्हा काम थांबवायचं.

साडेएकवीस हजार भागिले ४५० म्हणजे अठ्ठेचाळीस फ्रेम. वर्षाला अकराच्या हिशेबाने चार वर्षांहून जास्त. म्हणून 'मशीन स्वतःचे पैसे काढेल' हे पत्रातलं वाक्य मला पटत नाही. हा शौक आहे, आणि शौकाला पैसे घालण्यात काही गैर नाही. फक्त ते शौकाच्याच डब्यातून यावेत, पेरणीच्या नव्हे.

तो डबा असा भरेल. पीएम किसान आणि नमो शेतकरी मिळून वर्षाला १२ हजार येतात. ते खात्यात पडून राहतात आणि कधी संपतात कळत नाही, असं तुम्हीच लिहिलंय. पोस्टात वेगळं बचत खातं काढा आणि प्रत्येक हप्ता आला की तिथे टाका. फ्रेमचा नफाही तिथेच, तो वर्षाला पाच हजारांच्या आसपास. आज मोकळे असलेल्या पाच हजारांतून साडेतीन हजारांत चौकटीत बसणारी हाताची मायटर करवत आणि गुण्या घ्या, उरलेले दीड हजार त्याच खात्यात. पुढच्या संक्रांतीपर्यंत अठरा-साडेअठरा हजार जमतील, गुण्या आधीच घेतलेला असेल, आणि कमी पडतील ते दोन-अडीच हजार पहिल्या वेचणीतून काढा. तोवर फट कशी बुजवायची? हातकरवतीने पट्टी किंचित लांब कापा आणि ४५ चा ठोकळा लावलेल्या फळीवर धारदार रंद्याने छिलून कोन आणा. पुस्तकी सुतार याला शूटिंग बोर्ड म्हणतात, फळीचे दोन तुकडे जोडून तो घरीच होतो. ही सवय लागली तर मशीन आल्यावरही शेवटचा हात रंद्याचाच लागेल. सराव आडजात लाकडावर करा, सागावर नको. आणि साग घेताना डेपोचं किंवा आरा मशीनचं बिल जपून ठेवा. बिनपावतीचा साग पडवीत सापडला तर वनरक्षकाला उत्तर देणं फ्रेमच्या नफ्याहून महाग पडेल.

तुरीला चांगला भाव आला आणि अडचणीसाठी तीस-पस्तीस हजार राखूनही वर काही उरलं, तर संक्रांतीची वाट पाहू नका, मृगाआधीच घ्या. मी अडवणार नाही.

विम्याचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला २० रुपये खात्यातून कापले जातात का, पासबुकात बघा. अपघाती मृत्यूला दोन लाख, एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा गेला तर एक लाख. बोट गेलं तर त्यात काही मिळत नाही, हेही लक्षात ठेवा आणि चालत्या पात्यासमोरून तुकडा उचलायला हात घालू नका.

तुमचा शेवटचा प्रश्न होता की चुलतभावाचा नागपूरचा ठेकेदार मित्र जुनी १० इंची मशीन नऊ हजारांना देतो, ती घ्यावी का. कंपनी ओळखीची असेल, डोक्याला खेळ नसेल आणि वर सांगितलेली उलट्या तुकड्याची चाचणी त्याच्यासमोर करू दिली, तर नऊ नव्हे, साडेसात म्हणा. साडेसातला दिली तर वर्षभर थांबायची गरज नाही, दोन्ही सरकारी योजनांच्या पहिल्या दोन-दोन हप्त्यांत ती येईल. चाचणी करू देत नसेल तर परत या.